गोव्यातून बर्फात जायचं तर सामान कुठून घ्यायचं: मनाली-सोलंगचा आमचा रिव्ह्यू

मनालीला जाऊन आल्यापासून शाळेच्या गेटवर, देवळात, अगदी डिचोलीच्या मासळी मार्केटात सुद्धा लोक एकच विचारतायत, बर्फाचे कपडे कुठे घेतले, किती पडले, आणि मुलांना स्कीइंग खरंच करायला मिळालं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो होतो, मी, नवरा, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा, सासूबाई, आणि सोबत नणंद आणि तिचे मिस्टर. म्हणजे आठ वर्षांपासून अडुसष्ट वर्षांपर्यंत सगळी वयं होती आणि सगळ्यांच्या मापाचं सामान जमवायचं होतं.

माझं मत एकदम स्पष्ट आहे. अंगाला लागतं ते विकत घ्या, बर्फाला लागतं ते तिथे भाड्याने घ्या. थर्मल (आतून घालायचे उबदार कपडे), मोजे, हातमोजे, टोपी, गॉगल हे स्वतःचं असू दे. वरचा जाड सूट, गमबूट, स्की हे सगळं भाड्याचं. याच्या उलट केलेले कितीतरी लोक आम्हाला चंदीगडच्या बसमध्येच दिसले, महागडं जॅकेट अंगावर, आत कॉटनचा बनियन आणि पायात रोजचे जाळीचे स्पोर्ट्स शूज. त्यांची पोरं सोलंगला, म्हणजे मनालीजवळच्या बर्फात खेळायच्या जागी, अर्ध्या तासात रडायला लागली आणि गाडीत जाऊन बसली, वाईट वाटलं बघून, इतक्या लांबून आलेली माणसं.

आता गोव्यातली अडचण अशी की आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे १८-२० डिग्री, त्यात साखळी-सत्तरीकडे जरा जास्त गारवा, एवढंच. घरात स्वेटर असला तर एखादा. मनाली समुद्रसपाटीपासून २,०५० मीटरवर आहे आणि सोलंग जवळपास २,५०० मीटरवर. साधारण दर हजार मीटरला साडेसहा डिग्री तापमान उतरतं हे शाळेत शिकलेलं, पण तिथे उभं राहिल्यावर कळतं की त्यात वारा धरलेला नसतो. ऊन असताना सोलंगला दुपारी जॅकेट काढावंसं वाटतं आणि सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत बोटं दुखायला लागतात. त्यामुळे एकच जाडजूड कपडा काही कामाचा नाही, थर लागतात, जे काढता-घालता येतात.

पहिला थर म्हणजे थर्मल. गोव्यातल्या मोठ्या स्पोर्ट्स दुकानात हे मिळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वसूल इथेच होतात. सिंथेटिक कापडाचे घ्या, अंगाला घट्ट बसणारे, माणशी दोन जोड. कॉटनचे अजिबात नको. कॉटन घाम शोषून घेतं आणि ओलंच राहतं, आणि ओलं कापड अंगावर असलं की थंडी दुप्पट वाजते. आपण गोव्याची माणसं, थोडं चाललो तरी घाम येतो, आणि बर्फात चालणं म्हणजे चांगलाच व्यायाम असतो, त्यामुळे हे आपल्याला जास्तच लागू होतं. पणजीच्या कपड्यांच्या दुकानांत जे क्रीम रंगाचे पारंपरिक थर्मल मिळतात त्यांत बऱ्याचदा कॉटनचं प्रमाण जास्त असतं, लेबल वाचून घ्या. ते हॉटेलात रात्री झोपताना चांगले, सासूबाईंना तेच आवडले. त्यांच्यासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लोकरीचा कानटोप आणि मोजे घेतले होते, आणि खरं सांगते, लोकर ती लोकर, थोडी भिजली तरी ऊब देते, त्यांनी एकदाही थंडी वाजते म्हणून तक्रार केली नाही.

दुसरा थर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं हलकं जॅकेट. यात फार फरक बघत बसू नका, साधं पूर्ण चेनचं फ्लीस घ्या, मान झाकणारं. हे गोव्यात परत वापरात येतं, रात्रीच्या रेल्वेत एसी डब्यात, पहाटेच्या बसला, चोर्ला घाटातून बेळगावला जाताना. मुलांचं एक माप मोठं घ्या म्हणजे पुढच्या वर्षी पण चालेल. दुकानात मुलांची मापं लवकर संपतात म्हणून नोव्हेंबरमध्येच बघून ठेवा, डिसेंबरच्या सुट्टीच्या तोंडावर गेलात तर रॅकवर फक्त मोठ्यांचे एक्सएल उरलेले असतात.

तिसरा थर, वरचं जॅकेट, इथे मी सगळ्यांना थांबवते. पिसांची जॅकेटं दिसायला छान, वजनाला हलकी, पण पिसं भिजली की त्यांची ऊब जाते. बर्फात लोळणाऱ्या मुलांसाठी ती नाहीतच. आम्ही मोठ्यांसाठी साधी सिंथेटिक भरावाची जॅकेटं घेतली आणि त्यावर आपले गोव्यातले पावसाळी रेनकोट. हो, तेच, स्कूटरवर घालतो ते, पँटसकट. वारा आणि पाणी अडवायला याच्यापेक्षा वेगळं काय करतं ते हजारोंचं शेल जॅकेट? एक फरक आहे तो सांगते, घाम बाहेर जात नाही, त्यामुळे जास्त चालायचं असेल तर चेन उघडी ठेवावी लागते, आणि स्वस्तातलं पीव्हीसी थंडीत कडक होतं, दुमडलं तर चिरतं. नायलॉनचं आतून कोटिंग असलेलं असेल तर बिनधास्त न्या. ट्रेकिंगच्या जॅकेटच्या लेबलवर २,००० मिलिमीटर, ५,००० मिलिमीटर, १०,००० मिलिमीटर असे आकडे असतात, कापड किती पाण्याचा दाब सहन करेल याचं ते माप आहे. नुसतं फिरायचं असेल तर २,००० वाला पुरतो, बर्फात बसायचं-लोळायचं असेल तर जास्त लागतो कारण बसल्यावर दाब वाढतो आणि पाणी आत शिरतं.

हातमोज्यांचं आमचं नशीब चांगलं होतं. नणंदेचे मिस्टर कुंकळ्ळीला मासळी फ्रीझ करण्याच्या प्लँटमध्ये आहेत, तिथली माणसं उणे वीसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जे हातमोजे घालतात ते मडगावच्या इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात मिळतात हे त्यांना माहीत होतं. जाड, आत अस्तर, बाहेर रबरी पकड, आणि किंमत स्कीइंगच्या हातमोज्यांपेक्षा बरीच कमी. बर्फाचे गोळे करायला, बर्फावरून घसरायच्या रबरी ट्यूबची दोरी धरायला, स्की उचलायला एकदम मस्त. मोबाइल चालवता येत नाही एवढंच, त्यासाठी आत पातळ हातमोजे घातले. मुलांच्या मापाचे मात्र तिथे मिळत नाहीत, त्यांचे स्पोर्ट्स दुकानातूनच घ्यावे लागले, मुलांचे दोन जोड घ्याच, एक भिजतो म्हणजे भिजतोच.

गॉगल ही वस्तू लोक शोभेची समजतात. तसं नाही. दर हजार मीटरला अल्ट्राव्हायोलेट साधारण १० टक्के वाढतो आणि ताजा बर्फ त्यातला ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे ऊन वरून पण आणि खालून पण. डोळे लाल होणं, पाणी येणं, रात्री वाळू गेल्यासारखं खुपणं हे त्याचंच. काच किती गडद याच्या कॅटेगरी असतात, कॅटेगरी ३ चा चष्मा सोलंगला पुरे, कॅटेगरी ४ फार गडद असतो आणि तो घालून गाडी चालवायची नसते. आपण समुद्राजवळ राहतो म्हणून ऊन सहन होतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेला पण लावा.

बुटांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे आपल्या हवेचा प्रश्न आहे आणि हे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. नणंदेच्या मिस्टरांकडे जुने ट्रेकिंग शूज होते, चांगल्या कंपनीचे, फार वापरलेले पण नव्हते, कित्येक पावसाळे कपाटात ठेवलेले. मनालीत पहिल्याच सकाळी चालता चालता एका बुटाचा तळवा अख्खा सुटून आला, दुपारपर्यंत दुसऱ्याचा. दुकानदाराने बघितलं आणि सांगितलं की केरळ, मुंबई, गोव्याकडच्या लोकांचे असे बूट तो नेहमी बघतो. कारण असं की ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात वर जो मऊ थर असतो तो पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत पाण्याची वाफ त्याचं रसायन हळूहळू तोडते, वापरला नाही तरी तो आतून भुगा होत जातो. उलट नियमित वापरातले बूट जास्त टिकतात. म्हणजे जुने बूट न्यायचे असतील तर आधी तळवा हाताने वाकवून बघा, अंगठ्याने दाबा, भेगा दिसल्या किंवा चिकट लागला तर तो बूट घरीच राहू दे. जॅकेटांचं आणि रेनकोटांचं आतलं कोटिंग सालीसारखं सुटतं, चिकट होतं, ते पण याच कारणाने. म्हणूनच मी म्हणते की महागाचे स्नो बूट आणि स्की सूट विकत घेऊन आपल्याकडे ठेवण्यात अर्थ नाही. वर्षातून आठवडाभर वापरणार आणि बाकी वेळ गोव्याचा पाऊस ते खाणार.

आम्ही काय केलं, तर रोजच्या फिरण्यासाठी घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांचे वॉटरप्रूफ बूट घेतले आणि निघायच्या आधी महिनाभर मयेच्या तळ्याकडे सकाळी चालायला तेच घालून गेलो. नवीन बूट थेट डोंगरात नेले की फोड येतात. बूट घेताना संध्याकाळी जा, पाय दिवसाअखेर थोडे सुजलेले असतात, आणि जे जाड मोजे तिथे घालणार तेच घालून बघा, पुढे अंगठ्याला जागा राहिली पाहिजे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मग कितीही महाग मोजे असले तरी बोटं गार पडतात.

जायचं कसं हे सगळ्यांना माहीत असतंच, मडगावहून संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते, पुढे हिमाचल परिवहनची व्होल्वो, किंवा मोपा-दाबोळीहून दिल्लीपर्यंत विमान. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा आणि ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनमध्ये.

आता भाड्याच्या ड्रेसचा रिव्ह्यू, ज्यासाठी बहुतेक जण हे वाचत असतील. मनालीतून सोलंगच्या रस्त्याला लागलं की पलचानपर्यंत रस्त्याच्या कडेने दुकानंच दुकानं, प्रत्येकावर मोठा नंबर, बाहेर लाल-निळे-पिवळे सूट टांगलेले. त्याला तिकडे सगळे ड्रेसच म्हणतात. एक सलग जाड सूट आणि गमबूट, आम्हाला माणशी ३०० ते ५०० च्या मध्ये पडलं, गर्दीच्या दिवशी वाढतं, सोमवार-मंगळवारी कमी होतं. ड्रायव्हर स्वतःहून एका ठरावीक दुकानासमोर गाडी थांबवतो, तिथे त्याचं कमिशन असतं. आम्ही त्याला आधीच नीट सांगितलं की दादा, आम्ही दोन-तीन दुकानं बघणार, तुमचा चहा-नाश्ता आमच्याकडे, आणि त्याने काही हरकत घेतली नाही. गोड बोलून ठरवलं की तिकडची माणसं फार चांगली वागतात.

पहिल्या दुकानात सूट आतून ओलसर होते, आदल्या दिवशीचा बर्फ वितळलेला तसाच, आणि घामाचा वास. तिथून उठलो. तिसऱ्या दुकानात एक ताई बसल्या होत्या, त्यांनी मागे बुखारी, म्हणजे तिकडची खोली गरम करायची शेगडी, पेटवून सूट उलटे करून सुकत टाकले होते, तिथेच घेतले. तर बघायचं काय? हात आत घालून कोपर आणि बसायच्या जागी अस्तर कोरडं आहे का, चेन गळ्यापर्यंत चढते का, पायाच्या टोकाला इलॅस्टिक शाबूत आहे का, नाहीतर बर्फ बुटात शिरतो. सूट एक माप मोठा घ्या कारण आत फ्लीस असतं आणि मुलं बसतात-उठतात तेव्हा ताणला की चेन फाटते. गमबुटाचा तळवा उलटा करून बघा, खाचा झिजलेल्या असतील तर बदलून मागा, गुळगुळीत गमबूट घालून दाबलेल्या बर्फावर चालणं म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरणं. आणि सूटवर आधीच फाटलेलं काही असेल तर त्यांच्या समोरच मोबाइलवर फोटो काढा, परत देताना वाद होत नाही. त्यांचे हातमोजे आणि मोजे फुकट देत असले तरी घेऊ नका, ते सगळ्यांनी घातलेले आणि कधी न सुकलेले असतात. आपले स्वतःचे कोरडे मोजे असले की त्या रबरी गमबुटात पण पाय गरम राहतात, आमचे राहिले.

दुकानातच एक माणूस येऊन पॅकेज सांगतो, स्कीइंग, ट्यूब, स्नो स्कूटर सगळं मिळून इतके इतके. तिथे हो म्हणू नका. वर सोलंगला पोचा, बर्फ बघा, गर्दी बघा, मग ठरवा. जास्त बर्फ पडलेल्या दिवशी पोलीस नेहरू कुंडापाशीच साध्या गाड्या थांबवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात, अशा दिवशी खाली पैसे भरले तर परत मिळवणं अवघड. स्नो स्कूटर आम्ही एकदा केली, छोटीशी फेरी, आवाज भरपूर, मला पैशाच्या मानाने काही वाटली नाही. ट्यूब मुलांना वेडं करते, फक्त खाली उतार कुठे संपतो ते आधी चालत जाऊन बघा, माणसं आणि याक उभे असतात तिथे पोरांना सोडू नका. पॅराग्लायडिंग केलं नाही, करणाऱ्यांनी ऑपरेटर हिमाचलच्या पर्यटन खात्याकडे नोंदलेला आहे का ते कागद बघूनच बसा.

स्कीइंग. इथे दोन प्रकार मिळतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला म्हणजे एक गाइड तुम्हाला स्की चढवून देतो, तुमचे दोन्ही हात धरून स्वतः उलटा चालत वीस मिनिटं सपाटीवर ओढतो, फोटो काढतो, झालं. नणंदेने हे घेतलं, फोटो सुंदर आले, शिकली काही नाही. दुसरा म्हणजे तासाच्या हिशोबाने शिकवणारा इन्स्ट्रक्टर, शक्यतो स्कीइंगच्या संस्थेचा कोर्स केलेला. आम्ही हॉटेलवाल्या काकांकडून अशा एका मुलाची ओळख काढून दोन सकाळी मुलीसाठी ठरवल्या. तो जवळच्याच बुरुवा गावचा. त्याने पहिल्याच तासाला सांगितलं की आंचल ठाकूर त्यांच्या गावची, जिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कीत ब्राँझ मिळवलं, स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं भारताचं पहिलं मेडल. शिवा केशवन पण मनालीजवळच्या वशिष्ठचा, ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेला. मुलगी हे ऐकून जी ताठ झाली, त्यानंतर पडली तरी रडली नाही.

त्याने शिकवलं कसं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला चांगला शिकवणारा ओळखता येईल. आधी स्की न घालता नुसत्या बुटांनी चालायला लावलं. बूट बघताना त्याने पाय पुढे दाबायला सांगून टाच उचलते का ते तपासलं, टाच उचलली तर बूट मोठा. एकच मोजा घालायला लावला, जाड दोन नाहीत, कारण स्की बूट घट्टच असावा लागतो आणि दोन मोज्यांच्या घड्या पडून पाय सोलतो. स्की उभी केल्यावर तिच्या हनुवटीपर्यंत येईल एवढीच दिली, नवख्याला लांब स्की वळवता येत नाही. मग बाइंडिंग, म्हणजे ज्या कडीत बूट अडकतो ती, मुलीचं वजन विचारून सैल केली आणि पाय पिरगाळून सुटते का ते स्वतः बघितलं. ही कडी पडल्यावर सुटली नाही तर गुडघा दुखावतो, त्यामुळे भाड्याच्या स्कीवर हे तपासत नसेल त्याच्याकडे मुलाला देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. हेल्मेट आम्ही मागितल्यावर त्याने आणून दिलं, न मागता कोणी देत नाही, मागाच.

मग पडायचं कसं, कुशीवर, हात मागे न टेकता. उठायचं कसं, स्की उताराला आडव्या करून. मग आडवं आडवं पाऊल टाकत चढायचं. मग ब्रेक, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, ज्याला सगळे पिझ्झा म्हणतात. सारखं त्याचं चाललेलं, "बेटा, घुटने आगे, नजर सामने, पैर मत देखो." दुसऱ्या सकाळी ती एका छोट्या उतारावरून एकटी आली, वळली आणि थांबली. थांबली हे मला सगळ्यात आवडलं. धाकट्याला त्याने स्पष्ट नाही म्हटलं, याचे पाय अजून थकतील, याला ट्यूबवर खेळू द्या, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याला दहापैकी दहा.

एक दिवस अटल टनेलमधून पलीकडे लाहौलला गेलो. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा, अलीकडे करडे दगड आणि पलीकडे सगळं पांढरं, मनालीत बर्फ कमी असेल तेव्हा लोक तिकडेच जातात. पण जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलचे हलडासारखे सण असतात, तेव्हा सिस्सूकडच्या पंचायती पर्यटकांना काही आठवडे बंदी करतात, देवाचं काम असतं, आपण मान ठेवायचा, निघण्याआधी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. टनेल ३,००० मीटरच्या वर आहे म्हणून सासूबाईंना आम्ही मनालीत पोचल्या पोचल्या लगेच नेलं नाही, दोन रात्री राहून मग नेलं, हळू चालल्या, पाणी प्यायल्या, काही त्रास झाला नाही.

खाण्याचं एक सांगायलाच हवं. आम्हा गोंयकारांना चार दिवस मासळीशिवाय काढणं अवघड, तर मनालीत ट्राउट मिळते, खाली पाटलीकुहलला सरकारी ट्राउट फार्म आहे. तव्यावर भाजलेली, काटे कमी, चव हलकी. नवऱ्याला आपली चणक मासळी आठवली, सासूबाई म्हणाल्या तिरफळं असती तर. तुपात बुडवलेला सिड्डू, म्हणजे तिकडचा वाफवलेला गव्हाचा पाव, पण खा, बर्फातून आल्यावर त्याच्यासारखं पोट कशानेच भरत नाही.

घरी परत आल्यावरचं काम लोक विसरतात आणि मग पुढच्या वर्षी सगळं बुरशीचं निघतं. थर्मल-फ्लीस धुताना सॉफ्टनर नको. जॅकेट नुसतं झटकून बॅगेत दाबून ठेवू नका, हँगरला सैल लटकवा. बूट उन्हात थेट नाही, सावलीत पंख्याखाली आत कागद कोंबून सुकवा, कागद रोज बदला. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ओल धरतेच, म्हणून मी जॅकेट सोडून बाकीचं सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते आणि चवथीला घर साफ करताना एकदा बाहेर काढून वारा देते. बूट मात्र डब्यात नाही, ते वापरतच राहायचं, पावसाळा संपला की चोर्ला, सुर्ल, जमेल तिकडे घालून चालायचं.

ज्यांना फोटोपुरतं नाही तर खरंच शिकायचं आहे, तरुण मुलं असतील घरात, त्यांच्यासाठी मनालीतच अटल बिहारी वाजपेयी माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे, १९६१ पासूनची, ते जानेवारी ते मार्च सोलंगला स्कीइंगचे दोन-दोन आठवड्यांचे कोर्स घेतात, राहणं-जेवण-सामान फीमध्येच. काश्मीरमध्ये गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था आहे आणि तिथला गंडोला, म्हणजे केबल कार, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत वर नेतो, पण वरचा टप्पा नवख्यांसाठी नाही, खालच्याच उतारावर शिकवतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे कोर्स घेतं, तिथला जोशीमठचा रोपवे मात्र जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे रस्त्याची चौकशी करून जा. या सगळ्यांना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं आणि वयाची अट असते. सीट लवकर भरतात. माझ्या भाच्याने मनालीच्या बेसिक कोर्सला अर्ज करायचं ठरवलंय, त्याला आमच्याकडचं फ्लीस, हातमोजे आणि गॉगल देणार आहे, थर्मल आणि मोजे तो स्वतःचे नवीन घेईल, आणि बाकी काहीच विकत घेऊ नको म्हणून सांगितलंय.